भीमाबाईची सात बटणं

सकाळी साडेनऊला भीमाबाईनं कॉम्प्युटर चालू केला आणि तिला वाटलं, आपण दुसऱ्याच्याच दुकानात येऊन बसलो की काय.

पडद्याच्या वरच्या अंगाला तिची सात बटणं असायची. मोजून सात. आज तिथं वारूळ फुटल्यागत बारीक बारीक चित्रं पसरली होती, तीन-तीन ओळी, आणि खाली सगळं इंग्रजी. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला. मुंग्या जागच्या हलल्या नाहीत.

भवानी पेठेतलं हे गेट-ग्रिलचं वर्कशॉप तिच्या नवऱ्यानं, नागनाथनं, टाकलेलं. तो गेल्यावर तिनं चालवलं. शाळा दुसरीपर्यंत, ती पण निम्मी रानातच गेली. पण जमिनीवर खडूनं गेटाची नक्षी अशी काढायची की वेल्डरनं नुसता पाईप ठेवत जावं. पुढं लेझर कटिंगवाले खडूच्या रेघांना हसायला लागले. फाईल द्या म्हणाले. मग सून दीक्षा फाईल करू लागली.

पंधरा दिवसांपूर्वी दीक्षा बाळंतपणाला जेऊरला माहेरी गेली. तिचं जायचं ठरलं तेव्हाच मुलानं, दिपकनं, मावसभावाला खुर्चीवर बसवायचं काढलं. हा सतीश ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला. भीमाबाई उसळली, "त्यो कशाला? म्या काय मेली हाय का?"

म्हणून जायच्या आधी महिनाभर दीक्षानं सासूला शिकवलं. शंभर बटणं काढून टाकली, सात ठेवली. भिंतीवरच्या फळीला पाना, हातोडा, गुण्या ज्याच्या त्याच्या खिळ्याला टांगलेले असतात, तशी कामाच्या क्रमानं मांडली. नावं भीमाबाईनं दिली. रेघ, बांगडी, कात्री, जुळी, ताण, आरसा, पट्टी. वाचायचं काही नाही, जागा ध्यानात ठेवायची. अंधारात मिठाचा डबा सापडतो, तसा हात जायचा.

निघताना दारात पिशवी उचलता उचलता दीक्षा म्हणाली होती, "आत्या, एक सांगायचं राहिलं. बटणं कधी हरवली, तर..."

"हरवाया काय मेंढरं हायेत ती? जा, गाडी चुकंल."

आणि आज मेंढरं गेली होती.

दुधनीचे सिद्धाप्पा बारा वाजता येणार होते. त्यांच्या शेताच्या फाटकावर ज्वारीची कणसं हवी होती. काल फोन आला की ट्रॉली अडते, दहाचं बारा फूट करा. ते बघून हो म्हणाले की फाईल एक वाजता कटिंगला जायची. दिपक अक्कलकोटला शेड उभी करायला जाताना सांगून गेला होता, "आई, हे एक गेट तू धड काढलंस तर खुर्ची तुझी. न्हायतर उद्यापासनं सतीश."

तिनं हिय्या करून एक चित्र दाबलं. अर्धं गेट गेलं. दुसरं दाबलं. एक चौकट उघडली आणि इंग्रजीतनं काहीतरी विचारू लागली. घाबरलं की डाव्या कोपऱ्यातलं बटण, हे दीक्षानं शिकवलेलं. तिनं ते चार वेळा बडवलं. गेट आलं, पण ते आधीचंच की काहीतरी बिघडलेलं, हे काही कळेना. कणसं सगळी सारखीच दिसायला लागली. कात्री कुठं? कात्रीसारखी तर चार चित्रं होती.

अकराला सतीश चहा घेऊन आला. "मावशी, काल येऊन टूलबार नीट करून ठेवलाय बरं का. कुणीतरी पार वाट लावली होती. सातच बटणं उरलेली!"

भीमाबाईनं चहा घेतला. कप तसाच टेबलावर ठेवला.

"ऊठ, मी करतो. दहा मिनिटांचं काम."

"बूड उचलायची न्हाय म्या." मग इकडंतिकडं बघत, हळूच, "ती माझी हुती."

"काय तुझी?"

"बटणं. वाट लागली नव्हती. तशीच हुती."

सतीशनं डोकं खाजवलं. "बरं. लावतो परत. पण कुठली सात? मी बघितलीच नाहीत गं."

नावं सांगून त्याला समजेनात. शेवटी भीमाबाई खाली बसली, खडू घेतला, आणि फरशीवर सात चौकोन ओढून एकेक चित्र काढू लागली.

"ही बांगडी."

"सर्कल?"

"असंल. आन् ही ताण."

"हे काय, मावशी? चपाती लाटलीयेस का?"

"तुज्या कोर्सात चपाती शिकवली न्हाई व्हय?"

पाचव्याला दोघंही अडले. साडेअकरा वाजले. सतीश पुटपुटला, "थांब, काल मी इथनंच बदललं होतं." त्यानं खालच्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर दाबलं. टूलबारच्या मांडण्यांची एक यादी वर सरकली, सगळी नावं इंग्रजीत.

"थांब!"

भीमाबाईनं बोट थेट काचेला लावलं. बँकेत अंगठा द्यायचा नाही म्हणून तिनं एकच शब्द हट्टानं गिरवला होता. इंग्रजीच्या रांगेत, पार शेवटी, तोच होता. भीमाबाई.

"ते होय?" सतीश म्हणाला. "वहिनीनं गमतीनं टाकलंय वाटलं मला."

"दाब."

पडदा लुकलुकला. मुंग्या गेल्या. सात बटणं आपापल्या खिळ्याला.

सिद्धाप्पा आले तेव्हा तिनं ताण देऊन गेटाच्या एका फळीची चौकट फूटभर रुंद केली होती. ते मागं उभं राहून बघू लागले. "अक्का, कणीस जाड होऊ द्यायचं नाही हं."

"कणीस कशाला जाड करू? एक वाढवती की." जुळी. मग आरसा. तशीच सहा फुटांची दुसरी फळी समोर उमटली.

"छलो, अक्का, छलो! झकास!" सिद्धाप्पा कानडी-मराठीत हसले.

फाईल गेली. सतीश कप घेऊन गेला. भीमाबाईनं फरशीवरचे चौकोन पायानं पुसले, आणि जेऊरला फोन लावला.

"पाय सुजल्यात का अजून?"

"कमी आहे, आत्या. गेट झालं?"

"व्हायला काय?" तिनं बोटांचा खडू पदराला पुसला. "त्या दिशी दारात तू काय तरी सांगत हुतीस. मेंढरांचं."

"हरवली का, आत्या?"

"हरवत्यात कशी? तू सांग की. ऐकती म्या."