कापा, पाठवा, पुसा

पाचवीच्या वर्गात टॅब्लेट थोडे आणि मुलं फार, म्हणून बाईंनी एक शिस्त लावली होती. धडा घरी मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायचा, मधली खाकरखोकर आणि घरच्यांची बडबड कापायची, बाईंना पाठवायचं आणि मूळ रेकॉर्डिंग पार पुसून टॅब्लेट पुढच्याच्या हाती द्यायचा. कापा, पाठवा, पुसा. मुलं हे तालावर म्हणायची. दुसऱ्या शाळांचे शिक्षक बघायला आले की बाई मुद्दाम म्हणवून घ्यायच्या आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

या कामात रंगाऱ्याच्या मुलीचा हात धरणारं कुणी नव्हतं. कुणाचा आवाज अडकला, कुणाचं पान उघडेना, की सगळी पोरं तिच्याकडे धावायची. वर्गानं तिला ‘छोट्या बाई’ म्हणायला सुरुवात केली होती आणि मोठ्या बाईंना त्याचं कौतुकच होतं.

तिची आई जाऊन महिना होत आला होता. मुलगी शाळेत यायची, विचारलं तर उत्तर द्यायची, फक्त टॅब्लेटला हात लावायची नाही. बाईंनीही तगादा लावला नाही. सावरेल हळूहळू, असं त्यांना वाटलं.

एका दुपारी शाळा सुटल्यावर रंगारी लेकीला घेऊन वर्गाच्या दारात उभा राहिला. कामावरून तसाच आला होता, नखांत पांढरा रंग होता. त्यानं फार पाल्हाळ लावलं नाही. बायको अंथरुणाला खिळल्यावर लेक तिच्या उशाशी बसून धडा वाचायची, अडली की आई सांगायची, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. घरात बायकोचा आवाज कुठंच साठवलेला नव्हता. रोज दहादा फोनवर बोलायची, पण ते साठवून ठेवावं असं कुणाच्या डोक्यात येतं? आणि यानं फोन समोर धरला की ती तोंडावर उशी घ्यायची.

“तुमच्याकडे असेल, बाई,” तो म्हणाला. “एकदा ऐकवा. धाकटी तिचा आवाज विसरायला लागलीय.”

मुलगी फरशीकडे बघत होती. या पोरीला सगळं ठाऊक आहे आणि बापाला सांगायचा तिला धीर झालेला नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं.

त्यांनी संगणक लावला. मुलीचं वाचन होतं, अगदी स्वच्छ. खाली पहिल्या वेळचा बाईंचाच शेरा तसाच होता: ‘छान. शेवटी दुसऱ्या कुणाचा तरी आवाज राहिला आहे. कापून पुन्हा पाठव.’ ढीगभर मुलांचं ऐकायचं असायचं, त्यामुळे परका आवाज कानावर पडला की बाई तिथंच थांबवून शेरा लिहायच्या. मुलीनं त्याच संध्याकाळी कापून पुन्हा पाठवलं होतं. नवं आलं की जुनं आपोआप जाईल, ही सोय बाईंनीच हौसेनं करून घेतली होती.

दुसऱ्या कुणाचा तरी. वहीवर हातानं लिहिलेलं असतं तर त्यांनी ते खोडून टाकलं असतं. तरीही त्यांनी शोधलं. मुलीच्या हातातून गेलेला टॅब्लेट धुंडाळला, संगणक दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की तुमच्या मुलांइतकं चोख पुसणारं मी कुठं पाहिलं नाही. बिचाऱ्यानं कौतुकानंच म्हटलं होतं.

रंगारी मुलांच्या बुटक्या बाकावर अंग चोरून बसला होता. त्यानं लेकीकडे पाहिलं. “तू कापलंस?”

“मी कापायला लावलं,” बाई मध्येच म्हणाल्या. “तिनं माझं ऐकलं, एवढंच. चूक माझी आहे.”

तो चिडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. तो नुसता मान हलवत राहिला. मग म्हणाला, जे उरलंय ते तरी लावा.

लेकीचा आवाज रिकाम्या वर्गात सुरू झाला. एका ओळीवर ती अडखळली आणि पुढचा शब्द एकदम बरोबर आला. तेवढ्यात मुलगी उठली, संगणकापाशी गेली आणि बोट ठेवून आवाज थांबवला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच तिनं अशा कशाला हात लावला होता.

“इथं आई म्हणाली, घाई नको करू.”

तिनं पुढं चालू केलं, परत थांबवलं. इथं पाणी मागितलं. इथं नुसतीच हसली. आपण कुठं कुठं कापलं ते तिला तोंडपाठ होतं. बाप ऐकत होता आणि डोळे पुसायचंही त्याच्या लक्षात येत नव्हतं.

वाचन संपलं.

“आणि शेवटी?” बाईंनी विचारलं. “शेवटी चुकून राहिलं होतं, ते काय होतं गं?”

“चुकून नव्हतं राहिलं, बाई. मी ठेवलं होतं. आई तुमच्याशीच बोलत होती. ती म्हणाली, बाई, माझी मुलगी छान वाचते ना?”

बाई हो म्हणाल्या. रंगाऱ्यानं लेकीला पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.