पांढऱ्या चटणीचं पाप

पंजाबराव सकाळी सात वाजताच दारात येऊन उभे राहिले, तेव्हाच विजयमालाबाईंनी ओळखलं की आज काही खरं नाही. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस महागावच्या मैदानावर पोरापोरींकडून पोलीस भरतीची तयारी करून घ्यायचा, आणि कुणाच्या घरी चहाला जायची त्याला बिलकुल सवय नव्हती. त्यांच्या मागे बाईंची लेक सुरभी धापा टाकत, मान खाली घालून उभी होती.

"वहिनी, ह्या पोट्टीले तुमी खाऊ काय घालून राह्यल्या?" पंजाबरावांनी गळ्यात अडकवलेलं घड्याळ पुढे केलं. "महिन्याभरापयले आठशे मीटर तीन मिनिटं दोन सेकंदात होती. आज तीन चौदा! बाकीच्या पोरी पुढं चालल्या, अन् हे बारा सेकंद मांगं. मैदानी चाचणीले अठराच दिवस राह्यले."

गेल्या वर्षी सुरभी दोन गुणांनी राहिली होती. यंदा नाही झालं तर दिवाळीनंतर पुसदचे पाहुणे पाहायला बोलवायचे, असं तिच्या वडिलांनी, विठ्ठलरावांनी, ठरवून टाकलं होतं. पोरीला ते पाहुणे नको होते, खाकी वर्दी हवी होती. खरं सांगायचं तर आईलाही तेच हवं होतं, फक्त तिचं मत कुणी विचारलं नव्हतं.

आणि खाण्याचंच म्हणाल, तर सगळ्या भानगडीला सुरुवात या पंजाबरावांनीच केली होती. महिन्यापूर्वी त्यांनी निरोप धाडला, की फुटाणे-शेंगदाणे चालू ठेवा, पण वर रोज दोन अंडी द्या. सांगायला यांचं काय जातं? विठ्ठलरावांनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतल्याला सात वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घरात अंड्याचं नाव निघालं नव्हतं. बाईंनी भीत भीत विषय काढला, तर ते काही न बोलता ताटावरून उठून गेले. भांडणारा नवरा एकवेळ परवडला. मुकाट्यानं उठून जाणाऱ्यापुढे बाईमाणसानं डोकं कुठं आपटावं?

मग एक दिवस मोबाइलवर त्यांना एक बाई दिसली. ती अंड्यात तेल ओतून घुसळत होती आणि त्याचं पांढरंशुभ्र मेयोनीज होत होतं. विजयमालाबाईंना वाटलं, देवच पावला! शिजवायचं नाही, वास नाही, टरफल नाही, भांडं विटाळायची भीती नाही. त्यांनी बाजारातून किलोचं पाकीट आणलं, गोठ्यातच स्टीलच्या डब्यात रिकामं केलं आणि पाकीट चुलीतल्या पऱ्हाटीच्या जाळात घातलं. चोराच्या मनात चांदणं. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचायचा धीर कुणाला होता?

तेव्हापासून भाकरीवर, पोह्यांवर, तुरीच्या वरणातसुद्धा सुरभीला चार-चार चमचे. पोरगी कुरकुरायची, "आई, पोट जड होते ना!" तर या म्हणायच्या, "ताकतीचं हाय, खाय गुमान."

त्यातही कळस म्हणजे विठ्ठलरावांनाच त्याची चटक लागली. "थे पांढरी चटणी टाक वं जराशी," म्हणून ते भाकरी पुढे करायचे. नाही म्हणावं तर संशय, आणि वाढावं तर उपदेशी माणसाला अंडं चारल्याचं पाप. विजयमालाबाई वाढायच्या आणि रात्रभर कूस बदलत पडायच्या. चार सोमवार त्यांनी निर्जळी धरले. नवऱ्यानं विचारलं तर सांगितलं, पित्त झालंय.

"काय खाते, सांगते का नाही?" पंजाबराव आता सुरभीवर घसरले.

"आई थे मेयोनीज देते. डबाभर," सुरभी म्हणाली.

ओसरीच्या पायरीवर चहा पीत बसलेले विठ्ठलराव चमकले. "थे काय असते?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. विजयमालाबाईंनी तांदळाच्या कोठीत दडवलेलं नवं, न फोडलेलं पाकीट आणून पंजाबरावांच्या हातात आदळलं. "तुमीच म्हन्लं होतं न अंडे द्या म्हणून! घरात शिजवता येत नाही, म्हणून हे देल्लं. अंड्याचंच असते थे."

विठ्ठलरावांनी कप तोंडापासून लांब धरला. "म्हंजे... थे पांढरी चटणी?"

पंजाबरावांनी चष्मा लावला आणि पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. मग कपाळावर हात मारून घेतला.

"वहिनी, हा हिरवा ठिपका पाहा. बिनअंड्याचं हाय हे! पयलं नाव तेलाचं, मंग पाणी, साखर अन् पीठ. अन् अंड्याचं असतं तरी काय मोठा तीर मारला असता? त्यात बी तेलच जास्त. चमच्यात अंडं येऊन येऊन येईन किती? नखाएवढं! कधीमधी पावाले चमचाभर लावलं त काही बिघडत नाही. पण तेलाची वाटी पेऊन कोनी धावते काय?"

विठ्ठलरावांनी कप खाली ठेवून छातीवर हात ठेवला. "म्हंजे अंडं नव्हतं न त्यात? सुटलो बाप्पा!"

विजयमालाबाईंनाही सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण तो 'सुटलो' ऐकला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुमी सुटले! अन् पोरीचे बारा सेकंद कोन भरून देईन?" त्या ओरडल्या. शेजारच्या अंगणातली झाडू थांबली तरी त्या थांबल्या नाहीत. "महिनाभर पाप डोक्यावर घेऊन जगली मी. उपास केले. अन् पोरीच्या पोटात गेलं काय, त नुसतं तेल! भाऊजी, तुमाले फक्त सांगता येते. ह्यायले फक्त नाही म्हनता येते. करावं त मीच, अन् लपून करावं! आता नाही लपत. आजपासून अंडे शिजतीन. बाहेरच्या चुलीवर, पण शिजतीन. पाप लागाचंच असन त खऱ्या अंड्याचं लागू द्या."

पंजाबराव घड्याळाची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. सुरभीनं आईकडे पाहिलं, मग घाबरत वडिलांकडे.

"उकडाले तो आल्मिनचा जुना गंज घेजो," विठ्ठलराव खाली पाहत म्हणाले. "त्याचं बूड जाड हाय. अंडे फुटत नाहीत."