यशवंतरावांचं अध्यक्षपद

आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावच्या मराठी ज्येष्ठ मंडळाचे अध्यक्ष यशवंतराव वारले, आणि त्यानंतरही दोनदा ते बिनविरोध निवडून आले. हसू नका. माणूस गेला म्हणून त्याचं पद काढून घेण्याइतकं कोडगं त्या मंडळात कुणी नव्हतं. वार्षिक सभेत नंदाताई नाव सुचवायच्या, बाकीचे अनुमोदन द्यायचे आणि यशवंतरावांच्या पत्नी विजयालक्ष्मीबाई खाली मान घालून चहा गाळायच्या. त्या दिवसाची बाई वर्षभर वाट बघत. एरवी त्यांच्या नवऱ्याचं नाव आता कोण घेत होतं?

यंदा मात्र हॉलचं भाडं वाढलं. सरकारी अनुदान मिळालं नाही तर गुरुवारची बैठक बंद पडणार, हे उघड झालं. मुलं-सुना कामावर गेल्यावर घरात भिंतींशी बोलणाऱ्या त्या म्हाताऱ्यांना दुसरा विरंगुळा नव्हता. अर्जाची तयारी मयूरने अंगावर घेतली, कारण त्याचे अबोल झालेले वडील याच बैठकीत पुन्हा बोलू लागले होते. त्याने मंडळाची घटना लिहून काढली, बँकेत खात्याची चौकशी केली आणि तिथे घोडं अडलं.

"काकू, बाकी सगळं ग्रँड आहे, एकदम ठीक," तो बुटांकडे बघत विजयालक्ष्मीबाईंना म्हणाला. "पण चेअरपर्सनची सही लागते. मीटिंगमध्ये काकांच्या जागी कुणाचं तरी नाव घ्यावं लागेल."

गुरुवारी सभा भरली. नाव कोण सुचवतंय, असं मयूरने विचारलं, तर जो तो आपल्या चहाच्या कपात बघू लागला. नंदाताई पदराशी चाळा करत बसल्या. अनुदान सगळ्यांना हवं होतं, पण यशवंतरावांना खुर्चीवरून उठवायचा वाईटपणा कुणालाच नको होता. विजयालक्ष्मीबाईंना सगळ्यांचा राग आला. एवढी माया होती, तर हे काम माझ्याच वाट्याला का?

शेवटी त्याच उठल्या. "मी नंदाताईंचं नाव सुचवते."

अनुमोदनाला हात वर करताना मयूरच्या वडिलांना रडू आवरेना. ठराव एकमताने मंजूर झाला.

"एकच राहिलं, काकू," मयूर लॅपटॉपमधून मान वर करून म्हणाला. "मंडळ का सुरू केलं, ते दोन ओळींत लिहायचंय. काका काय सांगायचे?"

काय सांगणार? आयर्लंडमधल्या पहिल्या हिवाळ्यात, मुलगा अभिजित हॉस्पिटलात ड्यूटीला गेला की विजयालक्ष्मीबाई स्वयंपाकघरात बसून रडत राहायच्या. हिला बोलायला चार माणसं हवीत म्हणून यशवंतराव दुकानात, बस स्टॉपवर मराठी माणसं हेरून चहाला घरी आणायचे. अख्खं मंडळ एका बाईसाठी उभं राहिलं होतं.

"लिही, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत म्हणून," त्या म्हणाल्या आणि कपबश्या विसळू लागल्या.

मयूरने लिहिलं, लॅपटॉप मिटला. "चला काकू, घरी सोडतो."

"बसू दे रे जरा. अभिजित ड्यूटीवर आहे. घरी कोण आहे?"