कसर

आमच्याकडं अंगात बारीक ताप असला की त्याला ताप म्हणत नाहीत, कसर म्हणतात. ताप म्हटलं की दवाखाना आला. कसर म्हटली की काढा, गोधडी आणि फार तर अर्धा दिवस आराम. आणि कामात कोणी अंग चोरलं तर तीही कसरच. एका शब्दाला दोन अर्थ सापडले की माझ्यासारख्या माणसाच्या जिभेला खाज सुटते. गावात मला गमत्या अप्पाराव म्हणतात, आणि यंदाच्या हिवाळ्यापर्यंत मला त्याचा अभिमान होता.

जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीपासून चार किलोमीटरवर आमचं गाव. गावाबाहेर आमचं वीस गुंठ्यांचं शेडनेट आहे, खांबांवर जाळी ताणून झाकलेलं, त्यात मिरचीचा बीजप्लॉट, म्हणजे बियाण्यासाठीची मिरची. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना वाटतं, मिरची काय, लावली की आली. बीजाची मिरची तशी येत नाही. दुपारनंतर उद्या उमलणारी कळी हेरायची आणि चिमट्यानं तिच्यातला नर काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कळीला दुसऱ्या जातीचे पराग लावायचे. त्यासाठी बोटात प्लास्टिकची एक अंगठी असते, तिच्यावर डाळीच्या दाण्याएवढा खळगा, त्यात परागाची पिवळसर पूड. कळीचं तोंड त्या खळग्यात बुडवायचं की झालं. दिसायला पोरखेळ, पण दिवसाला हजारो कळ्या, आणि कळी कोणासाठी थांबत नाही. दिवाळीपासून जानेवारीअखेरपर्यंत एक दिवस सुट्टी नसते.

या कामात माझ्या बायकोचा, सोनूबाईचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नाही. आमच्याकडं रोज चार बाया येतात, पण तिच्या ओळीत जेवढी मिरची धरते तेवढी कोणाच्याच ओळीत धरत नाही. तरी मी तिला कधी शाबास म्हटल्याचं आठवत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण ती लग्नापासून ऐकत आली होती. शेडनेट उभं राहिल्यावर मी ती सुधारून घेतली : नाव सोनूबाई, हाती प्लास्टिकची अंगठी. बाया हसायच्या, तीही हसायची.

यंदा दिवाळी संपली आणि तिला पडसं झालं. थंडीच्या दिवसांत पडसं कोणाला होत नाही? आठ दिवसांत गेलं. पुन्हा आठ दिवसांत आलं. मग ते जायचं नावच घेईना. नाक वाहतंय, घसा बसलाय, हातपाय गार पडलेत. दोन ओळी झाल्या की ती मातीत बसकण मारायची.

"जरा कसर वाटून राह्यली," ती एकदा म्हणाली. "थोडी टेकते."

"कसर तुझ्या अंगात न्हाई," मी लगेच म्हणालो, "कामात हाये."

चारही बाया खदखदून हसल्या. सोनूबाईही हसली आणि गुडघ्यावर हात रोवून उठली. ती हसली म्हणून मी समजलो, तिला लागलं नाही. वाक्य जमलं होतं. जमलेलं वाक्य मी एकदाच बोलून सोडून देणारा माणूस नाही. पुढचे पंधरा दिवस ती टेकली रे टेकली की मी नुसतं "कसर?" एवढंच विचारायचो, आणि ती उठायची.

मग ती शिंकेची भानगड झाली. आदल्या संध्याकाळी बल्बखाली वाळवलेले पराग तिनं चाळून वाटीत घेतले होते. सकाळी वाटी घेऊन ती नेटच्या दारातून आत येत होती आणि तिला शिंक आली. दोन्ही हात वाटीला, नाकावर हात धरायचा कसा? वाटीतली सगळी पूड उडाली. त्या दिवशीची सगळी फुलं वाया गेली.

मी चिडलो. पण माझा राग तोंडातून बाहेर पडतो तो गमतीचे कपडे घालून. संध्याकाळी हॉटेलात चहा पिताना मी ती शिंक साभिनय करून दाखवली. हातात वाटीऐवजी बशी धरली, नाक वर केलं, डोळे मिटले. लोकांनी टेबलं बडवली. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली पोरंसोरं तिला विचारू लागली, "मामी, आज शिंक आली का?"

त्यानंतर ती नाकाला पदर बांधून काम करू लागली. आणि कसर हा शब्द तिच्या तोंडून गेला तो गेलाच. मी गावभर सांगत फिरलो, की डॉक्टरांना जमलं नसतं ते माझ्या एका शिंकेनं केलं, बाईचं पडसं पळवलं.

मला दिसलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण दिसलं होतं. ओळीच्या मध्येच ती नेटच्या खांबाला धरून उभी राहायची. विहिरीवरून घागर आणताना दोनदा खाली ठेवायची. संध्याकाळी भाकरी थापता थापता तिचा हात परातीत तसाच राहायचा. ओठांचा रंग गेला होता. हे सगळं मी पाहिलं आणि मनातल्या मनात हिशोब केला : अजून दीड-दोन महिने फुलं आहेत, मग होऊ दे आराम. हे मी कोणाजवळ बोललो नाही. आज पहिल्यांदा सांगतोय, आणि सांगताना लाज वाटते.

डिसेंबरच्या मध्यात गावातली आशा कार्यकर्ती मीना नेटमध्ये आली. अंगणवाडीत बायांचं रक्त तपासणं चालू होतं आणि सोनूबाई तिकडं फिरकली नव्हती. मीनानं तिला उजेडात उभं केलं, नाकावरचा पदर सोडला आणि बोटानं डोळ्याची खालची पापणी ओढली.

"मामा, जरा इकडं या," ती म्हणाली. "हे बघा. लाल पाहिजे व्हतं. कागदावानी पांढरं झालंय."

"पडसं हाये तिला," मी म्हणालो.

"किती दिवसांपासून?"

मी सोनूबाईकडं पाहिलं. ती अंगठीतले पराग सांडू नयेत म्हणून हात सरळ धरून उभी होती.

मीनानं तिला तसंच अंगणवाडीत नेलं. बोटाला सुई टोचली, मशीनवर आकडा आला. पाच पॉइंट आठ.

"बाईमाणसाचं बारा पाहिजे, मामा," मीना म्हणाली. "निम्म्याच्या बी खाली हाये. एवढ्यावर मामी काम काहून करून राह्यल्या? आजच्या आज जालन्याला न्या. बिलकुल थांबू नका."

आणि मी काय बोललो असेन? उचलली जीभ, लावली टाळ्याला. "आमची गाडी कमी पेट्रोलमध्ये चांगलं ॲव्हरेज देती," मी म्हणालो. अंगणवाडीत दहा-बारा बाया बसल्या होत्या. एकही हसली नाही.

जालन्याच्या दवाखान्यात तिला खाटेवर घेतलं. रक्ताची पहिली पिशवी चढायला लागली तेव्हा एक तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. पाळीचं विचारलं. सोनूबाईनं माझ्याकडं पाहिलं.

"त्यांच्याकडं बघू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगा."

तेव्हा मला कळलं, की तीन महिने तिच्या अंगावरून जात होतं. पाळी जायच्या वयात असं होतं म्हणे, पण एवढं नाही. धुणं ती पहाटे एकटी उरकून टाकत होती. एका छपराखाली, एका ताटातलं खाऊन, मला पत्ता नव्हता. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. पडसं हा मुळातला आजार नव्हता. अंगात रक्तच उरलं नाही तर माणूस गळून जातं, थंडी सोसत नाही, आलेलं पडसं लवकर हटत नाही. आणखी महिना असाच काढला असता तर काय झालं असतं, तेही त्यांनी सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही.

मग कागदावर काहीतरी टिपत त्यांनी सहज विचारलं, "अंगात कसर असायची का?"

सोनूबाई आडवी होती. ती सुई टोचलेला हात सांभाळत कोपरावर उठली.

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. "एक दिवस बी कसर केली न्हाई मी. नेटमधल्या बायांना इचारा."

डॉक्टरीणबाई हसल्या. "अहो, मी तापाचं विचारतेय."

त्यांना काय कळणार? खोलीत तो शब्द कळणारा माणूस मी एकटाच होतो. मी पिशवीतून पडणारे थेंब बघत राहिलो. तिच्याकडं बघायची माझी छाती झाली नाही.

चार दिवसांनी घरी येताना एसटीत मी कसंबसं तोंड उघडलं. "मी ते गमतीनं म्हणायचो."

"गमतच व्हती की," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

संपलं. मला लागलं, असं ती म्हणाली असती तर मी माफी मागितली असती, पाया पडायलाही कमी केलं नसतं. पण ज्याला लागलंच नाही म्हणतात त्याची माफी मागायची कशी?

तेव्हापासून मी रोज सकाळी विचारू लागलो, "आज कसर न्हाई ना?" ती म्हणायची, "न्हाई." लोहाच्या गोळ्या ती वेळेवर घ्यायची, खजूर, गूळ-शेंगदाणे दिले की खायची, पंधरा दिवस नेटकडं गेली नाही, मग पुन्हा जाऊ लागली. सोळाव्या दिवशी विचारलं तरी उत्तर "न्हाई", विसाव्या दिवशीही "न्हाई". नाक चोंदलेलं असलं तरी "न्हाई". त्या उत्तराला काही अर्थच उरला नव्हता. तिच्या तोंडातला होकार मीच पार जाळून टाकला होता.

संक्रांत झाली. गोड बोला, गोड बोला म्हणत गावानं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, आणि पहिल्यांदाच तो मला टोमण्यासारखा लागला. संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं नाही. सरळ तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ कढत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं.

"हाये कसर," मी म्हणालो.

"न्हाई, चुलीपाशी बसल्ते म्हणून."

"हाये. आज नेटमधी पाय ठेवायचा न्हाई. पडून राहा."

"मंग फुलं?"

"जाऊ दे फुलं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी गमतीनं बोलतोय का खरं, हे ती तपासत होती. एवढ्या वर्षांच्या संसारात बाईला नवऱ्याचं तोंड असं तपासावं लागतं, याहून वाईट काय असतं मला माहीत नाही. मी तिला आडवं केलं, दोन गोधड्या घातल्या. डॉक्टरीणबाईंना फोन लावला, त्यांनी गोळ्यांचं नाव सांगितलं, आणि मी मोटरसायकल काढून टेंभुर्णीला गेलो.

मेडिकलवर गर्दी होती. परत यायला अकरा वाजले. घरात आलो तर ती सांगितल्याप्रमाणं पडून होती, गोधडी पार हनुवटीपर्यंत. मला जरा बरं वाटलं. तांब्यातून पाणी घेतलं, गोळी काढली.

"आता कसं वाटून राह्यलं?"

"पडूनच व्हते," ती म्हणाली.

मी ते विचारलं नव्हतं. तिचा श्वास भरभर चालला होता. गोळी घ्यायला तिनं गोधडीतून उजवा हात बाहेर काढला. बोटात प्लास्टिकची अंगठी होती, काढायची राहून गेलेली. खळग्यात अजून पिवळी पूड होती.

मी टेंभुर्णीला गेल्यावर ती नेटमध्ये जाऊन आली होती. माझ्या गाडीचा आवाज येण्याआधी परत येऊन पडली होती.

तिनं गोळी गिळली, पाणी प्याली आणि डोळे मिटले. हात तसाच बाहेर राहिला. माझ्या तोंडी एरवी दहा वाक्यं आली असती. मी गोधडी वर ओढली आणि तो हात अंगठीसकट झाकला. मला दिसलं नाही, असंच तिला वाटलं असावं. मी तसंच वाटू दिलं.