जुना दाखवा, नवा न्या

माझ्या दुकानाचा एकच नियम आहे. तो पाटीवर लिहिलेला नाही, पण अख्ख्या गल्लीला पाठ आहे: जुना दाखवा, नवा न्या. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "अक्का, ब्रेकचे शू द्या." कोणत्या गाडीचे, पुढचे की मागचे, हे त्याला घरी पोचल्यावर आठवतं. म्हणून जुना पार्ट काउंटरवर आल्याशिवाय मी नवं खोकं उघडत नाही. वहीत तीन रकाने: नाव, पार्ट, तक्रार. तक्रार गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहिते. गाडीबद्दल बोलताना माणूस स्वतःबद्दल जेवढं सांगून जातो, तेवढं सोयरिकीच्या बैठकीतही सांगत नाही. 'आवाज फार करते' म्हणणाऱ्याच्या घरी कोण आवाज करतं, ते मला न विचारता कळतं.

धुळ्याच्या सहाव्या गल्लीत अकरा वर्षं मी हे स्पेअर पार्टचं दुकान एकटी चालवतेय. समोर तोताराम मिस्त्रीचं गॅरेज. मला अक्का म्हणणाऱ्यांत निम्मे माझ्याहून मोठे आहेत, पण त्यांचं वय त्यांच्यापाशी.

त्यातलेच एक प्रेमराज नाना. वीज मंडळातून निवृत्त झालेले वायरमन, बासष्ट वर्षांचे, ताठ. गाव नरडाण्यापासून नऊ किलोमीटर आत. गाडी एकोणनव्वदची बुलेट, दोन्ही बाजूंना सामानाच्या लोखंडी चौकटी, मडगार्डवर कन्याकुमारी आणि लेहचे पुसट झालेले स्टिकर. ते स्टिकर खोटे नव्हते, दोन्हीकडे ते स्वतः जाऊन आले होते. फक्त सांगताना दर वेळी लेहचा घाट थोडा उंच व्हायचा.

दिवाळी झाली आणि नाना कागदात गुंडाळलेला हेडलाइटचा बल्ब घेऊन आले.

"अक्का, यामा दम नई शे. रस्तावर उजेडच पडस नई."

सवयीने मी जुना बल्ब काउंटरखालच्या बॅटरीला लावला. दोन्ही तारा झक्क पेटल्या.

"नाना, हा तर जळतोय."

"जयस, पन दम नई."

"दम बल्बात नाही की तुमच्यात?"

"मना दम बठ्ठा लेहला सांडना," म्हणाले आणि हसले. मी नवा दिला. तक्रारीत लिहिलं: उजेड पडत नाही.

बारा दिवसांनी मोठ्या हॅलोजनचा होल्डर आणि रिले नेला. त्यानंतर अख्खा एलईडी हेडलाइट. तोताराम म्हणाला, "अक्का, नानांचा लाईट असा झालाय की समोरचे ट्रकवाले शिव्या देतात. आता यांना काय, विमान उतरवायचंय?" तरी तक्रार तीच. मग ब्रेकची सुरुवात. ब्रेक लागत नाही म्हणून पुढचे शू बदलले. जुने शू माझ्या हातात आले तेव्हा त्यांचं लायनिंग जवळपास कोरं होतं. मागच्या साली तोतारामने कडेला केलेली खडूची खूणसुद्धा शाबूत होती.

मी ते शू उलटेपालटे करून पाहिले. जो माणूस तीस वर्षं खांबावर चढून तारांशी बोलला, त्याला चांगला बल्ब आणि वाईट बल्ब कळत नाही? मी तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही. माल खपत होता.

नानांना उजेड कशासाठी हवा होता, ते मला ठाऊक होतं. त्यांची मुलगी ज्योत्स्ना नरडाण्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला आहे. नवऱ्याने तिचं मनगट मोडलं तेव्हा ती भडगावहून माहेरी आली, त्याला दोन वर्षं झाली. शिफ्ट संध्याकाळी सातला सुटते. त्या वेळी गावाकडे एसटी नाही, आणि दिवाळीनंतर सातला मिट्ट काळोख. नाना रोज फाट्यावर जाऊन तिला आणतात. नानांचे दोन्ही भाऊ पहिल्यापासून म्हणत होते की पोरीला नांदायला पाठवा. नानांनी त्यांना सांगितलं होतं, "मनी गाडी चालू शे तठलोंग पोर कामले जाई." भावांनी तेच शब्द धरून ठेवले. गाडी चालू आहे तोवर ठीक, नसली की भडगाव.

डिसेंबरच्या मध्यावर एका बुधवारी नाना आले ते लंगडत. लेगगार्ड आत वाकलेला, एलईडीची काच फुटलेली. रस्त्याच्या कडेला कापसाची ट्रॉली उभी होती, मागे ना लाल कागद ना दिवा. नाना तिला घासून पडले. ज्योत्स्नाचा गुडघा फुटला, सात टाके. डॉक्टरांनी तिला आठ दिवस घरी बसायला सांगितलं होतं.

"पुढल्या चाकाला डिस्क ब्रेक बसवा," नाना म्हणाले. "अन दोन फॉग लाईट. पिवया."

"आणि जुना?"

त्यांनी पुन्हा शू काढून ठेवले. महिन्यापूर्वी मीच दिलेले. नव्यासारखे.

"नाना, ब्रेक लागला नाही की लावला नाही?"

"लागना नई."

मी मागे वळून रिलेचं खोकं काढलं आणि काउंटरच्या डावीकडून, त्यांच्या कानाच्या रेषेत धरलं. "घ्या नाना."

ते समोर बघत होते. त्यांचा हात समोर आला, काउंटरवर चाचपला, थांबला. खोकं त्यांच्या गालापासून वीतभर लांब होतं.

"कोठे?" ते म्हणाले.

मी खोकं तसंच धरून ठेवलं. त्यांनी मान वळवली, खोकं दिसलं, आणि माझा चेहरा दिसला. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले.

मला वाटलं, मोतीबिंदू असेल. मी उत्साहाने सुरू झाले, "अहो, त्यात काय एवढं! वीस मिनिटांचं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी..."

"मोतीबिंदू नई. काचबिंदू."

त्यांनी बनियनच्या खिशातून घडी घालून घालून मऊ झालेला कागद काढला. जळगावच्या डॉक्टरांचा. धुळ्यात डोळ्यांचे डॉक्टर काय कमी होते? पण धुळ्यात कुणी ओळखीचं भेटलं असतं, म्हणून नाना एसटीने जळगावला जाऊन आले होते, दिवाळीच्या आधीच. कडेची नजर गेली, ती परत यायची नाही. उरलेली टिकावी म्हणून थेंब. आणि खाली, डॉक्टरच्या अक्षरात चक्क वाचता येईल असं: वाहन चालवू नये.

"म्हणजे बल्ब नेला तेव्हा..."

"बठ्ठं माहीत व्हतं माले."

"मग कशाला नेत होतात?"

"काय करू, सांगा!" ते ओरडले. समोर तोतारामचा पाना थांबला. नानांनी आवाज खाली घेतला. "नळीमातून दिखस माले. नळी बारीक व्हयनी ते म्हनतं उजेड मोठा करू. अजून काय शे मना हातमा? पोरनी नोकरी गई ना, ते बठ्ठं गयं. आठ दिवस शेतस. नवव्या दिवशी भाऊ ईचारतीन, कोन आनी तिले?"

मग त्यांनी जे केलं, ते मी या काउंटरवर कुणालाही करू दिलं नसतं. हात जोडले. "डिस्क बसवा अक्का. गाडी झटकन थांबी ना, ते मी हयूहयू चालाडसू. वीसवर. दहावर."

दहाच्या वेगानं चालवली तरी न दिसणारी ट्रॉली कशी दिसणार, हे त्यांना कळत होतं, मलाही. मी डिस्क नाही म्हटलं. ते उठून गेले, आणि जाताना दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला आले तर पायरीवर ज्योत्स्ना. तिशीची, सडपातळ, गुडघ्याला पट्टी. एसटीने एकटी आलेली.

"अक्का, बाबांना डिस्क देऊन टाका."

"त्यांचे डोळे..."

"माहीत आहे मला. दोन महिन्यांपासून मीच बघतेय त्यांच्यासाठी."

तिने माझ्याच खांद्यावर करून दाखवलं. डावीकडे काही आलं की डाव्या खांद्यावर बोट, उजवीकडे आलं की उजव्या. थांबायचं असलं की दोन्ही हात. नानांनी कधी विचारलं नाही की तू हे काय करतेस. हिने कधी सांगितलं नाही की मला कळलंय. रोज संध्याकाळी दोघं हे नाटक नऊ किलोमीटर करत होते.

"मग ट्रॉली?"

ती खाली बघत म्हणाली, "त्या दिवशी डबल काम होतं. माझा डोळा लागला."

मी कुलूप काढून शटर वर केलं. मग ती म्हणाली, "डिस्क त्यांच्यासाठी नको. माझ्यासाठी. मी चालवणार."

तोताराम तोंडातला चहा आवरत पुढे आला. "ताई, ही बुलेट आहे. जुनी. हिचा ब्रेक डाव्या पायाला, गियर उजव्या. चांगले चांगले ठेकेदार चौकात गियर समजून ब्रेक दाबतात आणि तोंडावर पडतात."

"लायसन आहे माझ्याकडे, गियरच्या गाडीचं. लग्नाआधी काढलेलं. मग गाडी हातात आलीच नाही."

"पण ते डाव्या पायाच्या गियरचं!"

"भाऊ, दोन वर्षं मागे बसून दुसरं काय बघत आले मी? एक वर, तीन खाली, उजव्या पायाने. वळण आलं की डाव्या पायाचा ब्रेक आधी, मग हाताचा. माझ्या पायाला चुकायला दुसरी सवयच नाही."

तोतारामने माझ्याकडे पाहिलं. मग चहाचा पेला पायरीवर ठेवला.

आम्ही नानांना फोन करून बोलावलं. ते बुलेट घेऊन आले, दिवसाउजेडी, रस्त्याच्या अगदी कडेने. मुलीला दुकानात बघून त्यांना सगळं समजलं असावं, कारण त्यांनी गाडी बंद केली, पण उतरले नाहीत.

"बाबा, तुम्ही मांगे बसा," ज्योत्स्ना म्हणाली.

"बुलेट बाईमाणूसनी गाडी नई."

"मंग भडगाव बाईमाणूसनी जागा शे का?"

नाना गाडीवरून उतरून काउंटरपाशी आले. डिस्कचं खोकं मी काउंटरवर ठेवलं. त्यांनी ते बघितलं, म्हणजे मान वळवून वळवून शोधलं.

"डिस्क आहे," मी म्हणाले. "पण नियम माहीत आहे ना? जुना दाखवा, नवा न्या."

त्यांनी खिशात हात घातला. "शू तं कालच..."

"शू चांगले आहेत, नाना. खराब झालेला पार्ट जमा करा." आणि मी हात पुढे केला, अगदी समोर, त्यांना दिसेल असा.

आयुष्यात मी गिऱ्हाइकांना पुष्कळ टोचून बोलले आहे. एवढं वाईट कुणालाच बोलले नाही. त्यांचे ओठ हलले. वाटलं, आता शिवी येणार, यावी. त्यांनी किल्ली काढली. छत्तीस वर्षांची किल्ली, दात झिजलेले. माझ्या हातात ठेवली आणि मूठ करून माझी बोटं तिच्यावर मिटवली, जोरात, दुखेपर्यंत. मग फुटपाथवर जाऊन पाठ करून उभे राहिले.

पुढचे सात दिवस पारोळा रोडच्या कापसाच्या एका बंद जिनिंग मिलच्या आवारात ती शिकली. पुढच्या चाकाला डिस्क, नवी काच, दोन पिवळे फॉग लाईट. तिने गाडी चार वेळा पाडली. टाक्यांतून रक्त आलं. तोताराम ओरडायचा, "डावा! डावा ताई! डावा म्हणजे जेवायचा नाही तो!" नाना भिंतीपाशी बसून असायचे. फक्त गियर चुकीचा पडला की डोळे मिटायचे. कान अजून शाबूत होते.

आठव्या दिवशी ज्योत्स्ना पुन्हा कामावर गेली, आणि संध्याकाळी सातला शिफ्ट सुटल्यावर आम्ही नरडाण्याच्या फाट्यावरून निघालो. पुढे बुलेटवर ज्योत्स्ना आणि मागे नाना, त्यांच्या मागे तोतारामच्या गाडीवर मी. घरून फोन आला होता, नानांचे दोन्ही भाऊ ओट्यावर बसून वाट पाहत होते.

रस्ता म्हणजे काळी पट्टी. नानांचे हात तिच्या खांद्यावर नव्हते, मागच्या कॅरियरला घट्ट होते. तोतारामच्या दिव्यात मला त्यांचा पाय स्पष्ट दिसत होता. पहिलं वळण आलं आणि त्यांच्या डाव्या पायाने मागचा फुटरेस्ट दाबला. त्याच क्षणी ब्रेकचा लाल दिवा लागला. दुसरं वळण, पुन्हा तसंच: त्यांचा पाय, तिचा दिवा. छत्तीस वर्षांचा रस्ता त्यांना पाठ होता. मला वाटलं, पाय अजून तेच चालवताहेत, ही फक्त हँडल धरून आहे. आणि पाठ नसलेलं काही आडवं आलं तर?

सहाव्या किलोमीटरला रस्ता सरळ होता. नानांचा पाय स्वस्थ होता.

लाल दिवा लागला.

तोताराम शिवी हासडून थांबला. पुढे पिवळ्या उजेडात, निम्म्या रस्त्यावर, कडब्याच्या कुट्टीने भरलेली बैलगाडी, दिव्याशिवाय. बुलेट तिच्यापासून दोन हातांवर उभी होती, आणि ज्योत्स्नाने दोन्ही पाय जमिनीला लावले होते.

"काय व्हयनं?" नानांनी अंधाराला विचारलं.

"काही नई, बाबा. गाडं शे."

ते गाडं शोधत त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग, थांबून कितीतरी वेळ झाल्यावर, त्यांच्या डाव्या पायाने फुटरेस्ट दाबला.