काल्याच्या कीर्तनातला पास

या, असे पुढं सरका. मागं बसलं की कीर्तन कानावर पडतं पण पोटात उतरत नाही, गोष्टीचंही तेच. एक गोष्ट सांगतो. तिच्यात देव आहे, एस.टी. आहे, दहावीची परीक्षा आहे आणि एक इंग्रजी शब्द आहे. शब्द तुमच्या रोजच्या तोंडातला. त्याचं कूळ-मूळ मात्र तुम्ही कधी विचारलं नसेल. आम्हीही विचारलं नव्हतं.

साल ब्याऐंशी. आमचं गाव मुळशीतलं, कोळवण खोऱ्यातलं. भाताची लावणी उरकली, अंगावरचा चिखल वाळला, की श्रावणात आमच्याकडं सप्ताह बसतो. सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. एकाच्या गळ्यातून काढायची ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. पहाऱ्यांची यादी देवळाच्या खांबाला चिकटवलेली असते. ज्याच्या गळ्यात वीणा, त्यानं उभं राहायचं, मुखानं नाम घ्यायचं आणि नामाशिवाय अवाक्षर बोलायचं नाही. कुणी पाया पडलं तर उलट वाकून त्याच्याही पाया पडायचं, मग तो थोर असो की पोर. मी तीस वर्षं टाळ वाजवला, हा नियम मोडलेला पाहिला नाही.

आमच्या गावात कोंडिबा म्हणून गृहस्थ. बोलायला रोखठोक, मनानं वाईट नाही. त्याची मुलगी चंद्रकला. पौडच्या शाळेत एस.टी.नं जायची. दहावीला इंग्रजीत एकदा गेली, पुन्हा बसली, पुन्हा गेली. आता ऑक्टोबरला तिसऱ्यांदा बसायचं तिच्या मनात होतं. फॉर्मवर बापाची सही हवी, आणि फॉर्म शाळेत द्यायचा शेवटचा दिवस म्हणजे सप्ताह संपतो त्या काल्याचा दुसरा दिवस.

कोंडिबा सही करीना.

"दोनदा देवानं सांगितलं, न्हाई म्हून," तो म्हणायचा. "तिसऱ्यांदा इचारायचं म्हंजे देवाला भैरा समजायचं. कासार आंबोलीचं ठिकाण चांगलं हाय. माणसं बगायला यायची हायेत."

त्याची बायको धोंडाबाई म्हणायची, "देवानं कुटं सांगितलं? पेपर देव तपासतुया व्हय?"

"मग कोन तपासतुया?"

"मास्तर."

"मास्तरपरीस देव बरा. तो निदान लाल शाई वापरत न्हाई."

अशा वेळी कोंडिबाला एक युक्ती सुचली. काल्याच्या दिवशी नातेवाईक येणार, गाव जमणार, चारचौघं सहीचं काढणार. तेव्हा काल्याच्या कीर्तनाचा पहारा त्यानं स्वतःच्या नावावर लावून घेतला. वीणेकऱ्याशी कोण बोलणार? भक्तीचं पुण्य आणि लोकांपासून सुटका, एकाच तारेवर. भक्ती खरी होती बरं का त्याची. सोय पण खरी होती.

आता कीर्तनकाराचं ऐका. काल्याचं कीर्तन नेहमी कुशाबा बुवांचं. बुवांची ख्याती अशी, की एक शब्द घ्यायचे आणि दोन तास त्याचं दळण दळायचे, पीठ संपायचं नाही. त्या साली तिसऱ्या दिवशी दुपारी देवळात चहा चालला होता. सप्ताहाचे पुढारी हैबतराव म्हणाले, "बुवा, रागावू नका. पर दरसाली त्योच घाणा. औंदा काय नवं?"

बुवांना ते लागलं. म्हणाले, "शब्द तुमी द्या. कुठलाबी. म्हराटी द्या, संस्कृत द्या, पायजे तर इंग्रजी द्या. निरूपण माझं."

हैबतराव हसले. इंग्रजी शब्द त्यांनाही सुचेना. चंद्रकला कपबशा गोळा करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मग पास घ्या की, बुवा."

शब्द दिला गेला होता, बुवांनी घेतला होता. मागं फिरता येईना.

बुवांना इंग्रजीचा गंध नाही. रात्रभर तळमळले आणि पहाटे तांबडं फुटताना माझ्या दारात. "चल. जयवंत गुरुजींकडं जाऊ."

जयवंत गुरुजी पौडच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. राहायला आमच्याच गावात, ओढ्यापलीकडं, बौद्ध वस्तीत. इंग्रजीत गेलेली पाच-सहा पोरं रोज सकाळी विहाराच्या ओट्यावर घेऊन बसायचे, फुकट. चंद्रकला त्यातलीच. एवढ्या सकाळी का गेलो, हे तुम्ही विचाराल. ओढा ओलांडताना कुणी बघू नये म्हणून, दुसरं काय.

गुरुजींनी शब्दकोश काढला. पुठ्ठा सुटलेला, सुतळीनं बांधलेला. त्यांच्या घरातून चहा आला. बुवा म्हणाले, "माझा उपास हाय." उपास होता खरा, तो बुवा स्वतःच्या उंबऱ्यात पोचून भाकरी मोडेपर्यंत टिकला. मी चहा घेतला. यात माझा मोठेपणा काही नाही, पावसाचा गारठा होता.

"पास," गुरुजी वाचू लागले, "दीड पान आहे बुवा. किती घेताय?"

"समदं."

मग गुरुजींनी एकेक अर्थ काढून दिला. परीक्षेत उत्तीर्ण होणं तो पास. एस.टी.त दाखवतात तो पास. वेळ जाते, ती पास होते. माणूस जातो, त्यालाही साहेब पासच म्हणतो. ठराव मंजूर झाला, पास. पंगतीत भाकरीची दुरडी या हातातून त्या हातात देणं, तेही पास. पुण्याला जाताना डोंगर कापून वाट काढली आहे, ती खिंड, तीही पास.

बुवा बोटांवर मोजत पाठ करत होते. दमून म्हणाले, "गुरुजी, एका शब्दाच्या पोटी एवढी लेकरं? याचा बाप कोन?"

"बाप लॅटिन आहे. रोमची जुनी भाषा. तिथं पासुस नावाचा शब्द होता. त्याचा अर्थ पाऊल. तिथून फ्रेंच लोकांच्या तोंडी गेला, चालणं झाला, मग इंग्लंडात उतरला. पॅसेंजर त्याच्याच घरातला, पासपोर्ट पण. फक्त खिंडीबद्दल जाणत्यांत थोडा वाद आहे, की ती थेट पावलावरून आली का चालण्यावरून..."

"वाद तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. मांडवात नको." पण बुवांचे डोळे भरले होते. "पाऊल. म्हंजे आपल्या देवाचंच निघालं की हे. गुरुजी, तुमचं नाव घेतो बगा मांडवात. ज्याचं त्याला दिलं पायजे."

"नाव घेतलं तर घ्या. नाही घेतलं तरी उच्चार नीट करा," गुरुजी म्हणाले. मग वह्या आवरता आवरता, "आणि बुवा, एका माणसाला ऐकू जाईल असं बोला. कुणाला, ते तुम्हाला माहीत आहे."

काल्याचा दिवस. मांडव भरला. बुवांच्या मागं वीणा घेऊन कोंडिबा, कपाळाला बुक्का, चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान. बुवांनी विठोबाच्या पावलांचा अभंग लावला आणि पहिल्या चरणावरच घोडं एस.टी.त चढवलं. कंडक्टर आणला, त्याची शिट्टी आणली. परीक्षा आणली, पंगत आणली, भाकरीची दुरडी अशी फिरवली की पुढच्या रांगेतल्या गेणबानं खरंच हात पुढं केला. मरण आणलं तेव्हा बाया पदरानं डोळे पुसू लागल्या. आणि मग पखवाज थांबवून म्हणाले:

"ह्या समद्यांचं मूळ काय? रोमची जुनी बोली. तिच्यात याचा अर्थ हाय पाऊल. हे मला सांगितलं..." इथं बुवा थांबले. पुढं हैबतराव बसलेले, त्यांच्याशेजारी पाहुणे. बुवांची नजर त्यांच्यावरून फिरली. "...हे मला सांगितलं पुण्याच्या एका थोर विद्वानानं."

माझ्या हातातला टाळ क्षणभर चुकला. मग मीही वाजवायला लागलो.

चुकला, कारण मला दिसत होतं. मांडवाच्या बाहेर, चिंचेखाली, सायकलला टेकून जयवंत गुरुजी उभे होते. पिशवीत चंद्रकलेचा फॉर्म होता. शाळेतून तेच घेऊन आले होते. आत या असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. येऊ नका असंही कुणी म्हटलं नव्हतं. आमच्या गावात असंच असतं, म्हणावं काहीच लागत नाही.

बुवा आता रंगात आले होते. "पास म्हंजे पोचला न्हवं. पास म्हंजे चालला. लेकरू पाऊल टाकाया शिकतं, दोनदा पडतं. तवा आई काय म्हनती? बस झालं, आता रांगतच ऱ्हा?" आणि एकदम वळले. "काय हो वीणेकरी महाराज? तुमीच सांगा."

कोंडिबानं तोंड उघडलं. आणि मिटलं. गळ्यात वीणा. नामाशिवाय शब्द काढायचा नाही.

"रामकृष्णहरी," तो म्हणाला.

"व्हय म्हनतायत का न्हाई म्हनतायत?" बुवांनी गावाला विचारलं.

"रामकृष्णहरी," कोंडिबा जरा मोठ्यानं म्हणाला. मांडवात खसखस पिकली.

"मला तर व्हय असं आयकू आलं," गेणबा पुढून म्हणाला.

कोंडिबा त्याच्याकडं असा पाहत होता की वीणेची तार तुटावी. ज्या वीणेमागं लपला, तिनंच त्याला भर गावात बांधून उभं केलं होतं. निघता येईना, बोलता येईना, आणि खाली ठेवावी तर सात दिवसांचं अखंड मोडेल.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं चंद्रकला उठली. पुढं येऊन वीणेकऱ्याच्या पाया पडली. एवढंच. रोज गावातल्या बाया वीणेच्या पाया पडतात, तशी पडली.

आता रीत अशी, की वीणेकऱ्यानं उलट वाकायचं. कोंडिबा क्षणभर ताठ राहिला. मग एका हातानं वीणा सावरत वाकला आणि पोरीच्या पायांना हात लावला. त्या पायांना एस.टी. गाठायला रोज दोन मैल चिखल तुडवायची सवय होती; टाचांना भेगा होत्या. त्याचा हात तिथं जरा जास्त वेळ राहिला. किती, ते मी सांगणार नाही. टाळ थांबला नाही, एवढं खरं.

हंडी फुटली, आरती झाली, वीणा उतरली. कोंडिबाचं तोंड मोकळं झालं. सगळं गाव ऐकायला टपलेलं.

"बुवा," तो म्हणाला, "फुडच्या साली मी पहारा घ्यायचा न्हाई." मग पोरीकडं वळून, "कुटं हाय तो कागुद?"

कागद चिंचेखाली होता. गुरुजींनी शब्दकोश सायकलच्या सीटवर ठेवला, त्यावर फॉर्म ठेवला. तिसरी शिकलेल्या कोंडिबानं घाम गाळत सही केली. बुक्क्याचा अंगठा उठला, तो शाळेनं तसाच चालवून घेतला.

"झालं?" कोंडिबानं विचारलं.

"तुमचं झालं," गुरुजी म्हणाले. "आता तिचं."

कोंडिबाला काय वाटलं कोण जाणे, तो मांडवात जाऊन काल्याचा द्रोण घेऊन आला. दही, लाह्या, वर डाळिंबाचे दाणे. गुरुजींनी हात पुढं केला. कोंडिबा थांबला. मागं वळून मांडवाकडं पाहिलं. आणि द्रोण सायकलच्या कॅरिअरवर ठेवला.

गुरुजींनी तो उचलला. खाल्ला. म्हणाले, "दही चांगलं लागलंय."

चंद्रकलेनं ते पाहिलं. मीही पाहिलं.

ऑक्टोबरची परीक्षा झाली. इंग्रजीत चौतीस मार्क पडले आणि एक मंडळानं पदरचा घातला. बुवा गावभर सांगत फिरले, "तेवढं एक पाऊल आमच्या कीर्तनाचं." कोंडिबा म्हणायचा, सही आपली. हैबतराव म्हणायचे, सप्ताह कुणी भरवला? कासार आंबोलीच्या माणसांनीही नंतर सांगितलं, की पोरगी शिकलेली हवी हे त्यांचं पहिल्यापासून मत होतं. एका मार्काला एवढे वाटेकरी मी पुन्हा पाहिले नाहीत. चंद्रकला तिथंच सून झाली आणि बालवाडीवर शिक्षिका लागली.

गुरुजी त्या वाटणीला आले नाहीत. त्यांनी पेढा मात्र मागून घेतला, तोही चंद्रकलेकडं. तिनं विहाराच्या ओट्यावर जाऊन त्यांच्या हातात दिला. हातातून हातात.

पुढं एकदा एस.टी.त मला गुरुजींच्या शेजारी जागा मिळाली. माझ्या मनात ते सलत होतंच. म्हटलं, "गुरुजी, त्या दिवशी बुवांनी तुमचं नाव..."

"अर्थ बरोबर सांगितले त्यांनी," गुरुजी म्हणाले. "उच्चारही बरा होता. एकच अर्थ राहिला."

"कुठला?"

"माणूस समोर दिसत असतो आणि आपण बाजूनं निघून जातो. त्यालाही पासच म्हणतात. दीड पानाच्या शेवटी होतं. बुवांना घाई होती."

एवढं बोलून त्यांनी कंडक्टरपुढं आपला पास धरला.

कुशाबा बुवा वैकुंठाला गेले. गोड माणूस. अजून कीर्तनात पखवाज थांबला की मला त्यांचा आवाज येतो. त्यांना विसरू नका असं मी म्हणणार नाही, त्यांना कुणी विसरलेलं नाही. देवळात फोटो आहे. माझी विनंती वेगळी आहे. मी त्या दिवशी टाळ वाजवत राहिलो, तेव्हा हे काम आता तुमच्यावर टाकतो. पुन्हा कुठं हा शब्द कानावर पडला, कंडक्टरच्या तोंडी म्हणा, निकालाच्या दिवशी म्हणा, तर ओढ्यापलीकडच्या जयवंत गुरुजींची तेवढी आठवण काढा. नाव घेऊन काढा.