दत्तप्रसाद शेवटपर्यंत थांबतो

सुचित्राच्या नवऱ्याने आजवर कशाचाच शेवट पाहिलेला नव्हता. सिनेमा संपायच्या दहा मिनिटं आधी तो पार्किंगच्या मशीनपाशी उभा असे. न्यू इयरची आतषबाजी त्यांच्या घराने दरवर्षी परतीच्या वाटेवर, गाडीच्या मागच्या काचेतून पाहिली. स्वतःच्या लग्नाच्या रिसेप्शनमधून दत्तप्रसाद साडेनऊला निघाला होता, कारण बाणेर रोडला ट्रॅफिक लागला असता. शालू सावरत सुचित्रा त्याच्यामागे गाडीत जाऊन बसली. आपल्या लग्नातलं आइस्क्रीम कुठल्या फ्लेवरचं होतं, हे तिला अजून ठाऊक नाही. इकडे परदेशात आल्यावर घेतलेला पॉइंट कुकचा प्लॉट त्याने भाव दुप्पट व्हायच्या आठच महिने आधी विकला. त्या रस्त्याने जायची वेळ आली की टार्निटचं आपलं घर येईपर्यंत गाडीत कुणी बोलत नाही.

चौदा वर्षं ती त्याला यावरून टोमणे मारत होती. घरी मारत होती, मित्रांत मारत होती, मंडळाच्या गणपतीत तर माइकवरून मारून झाले होते. तिचं मागणं फार नव्हतं. एकदा, फक्त एकदा, या माणसाने कशाचा तरी शेवट होईपर्यंत आपल्या शेजारी बसून राहावं, एवढंच.

अशा माणसाने सट्टा लावला हे कुणाला पटणार नाही. पण लावला, आणि तोही शुद्ध गैरसमजातून. शुक्रवारी ऑफिसात फिजीचा प्रताप सगळ्यांना दहा-दहा डॉलरची ‘मल्टी’ लावायला लावत होता. मल्टी म्हणजे फुटीच्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या, पाच सामन्यांचे पाच विजेते आधी सांगायचे. पाचही बरोबर आले तर घबाड, एक जरी चुकला तरी सगळं पाण्यात. दत्तप्रसादला फुटीतलं ओ की ठो कळत नाही. पण प्रत्येक संघाच्या नावापुढे एक आकडा होता, आणि जन्मभर गुणपत्रिका वाचत आलेला माणूस जे करील तेच त्याने केलं. ज्याचे मार्क जास्त तो हुशार, असं धरून पाचही ठिकाणी मोठा आकडा निवडला. मोठा आकडा म्हणजे हा संघ हरणार अशी दुनियेची खात्री, हे प्रतापने त्याला पैसे भरून झाल्यावर सांगितलं. हसू आवरल्यावर सांगितलं, म्हणून जरा उशीर झाला.

शुक्रवारी एक दुबळा संघ जिंकला. शनिवारी तीन जिंकले. रविवारी सकाळी पोह्यांच्या बशीपुढे बसून दत्तप्रसाद इतक्या पडक्या चेहऱ्याने “माझ्या हातून एक चूक झालीय” असं म्हणाला, की सुचित्राने गॅस बंद केला आणि समोरच्या खुर्चीत बसली.

“काय केलंस?”

“चार मॅच जिंकलोय. आजची पाचवी आली तर सहा हजार नऊशे डॉलर मिळतील.”

पाचवा सामना होता त्यांच्या अकरा वर्षांच्या स्वरदाच्या लाडक्या संघाचा. संघाचं नाव इथे सांगत नाही. त्याच्या चाहत्यांनी या सीझनमध्ये आधीच पुष्कळ सोसलंय. हा संघ तक्त्यात तळाला होता आणि गाठ होती पहिल्या नंबराशी. स्वरदाच्या शाळेत क्लबने फुकट तिकिटं वाटली होती, तेव्हा दुपारी स्टेडियमवर जायचं तर ठरलेलंच होतं. आता दत्तप्रसादच्या फोनमध्ये एक पिवळं बटण सोबत येणार होतं. ‘कॅश-आउट’. निकाल लागायच्या आत कंपनीच म्हणते, एवढे घ्या आणि निवांत घरी जा. सकाळी बटणावर नऊशे वीस लिहिलेलं होतं. सामना जसा फिरेल तसा हा आकडा फिरणार होता.

“घेऊन टाकू?” दत्तप्रसादने विचारलं.

“घे की,” सुचित्रा म्हणाली. “दहा डॉलरचे नऊशे झाले. तू असाही तिसऱ्या क्वार्टरला उठणार. पैसे कशाला शेवटपर्यंत थांबवतोस?”

हे त्याला लागलं. पोहे अर्धे टाकून तो उठला आणि बटण दाबलं नाही.

स्टेडियममध्ये मात्र त्याचा जीव टांगणीला लागला होता. दर दोन मिनिटांनी तो फोन बघे. संघाने गोल केला की आकडा वर, समोरच्यांनी केला की खाली. प्रतापचे मेसेज येत होते. “यार, कॅश-आउट मत करना.” वीस मिनिटांनी, “यार, कॅश-आउट कर ले.” मग, “यार, मुझसे मत पूछ.” स्वरदाला यातलं काही माहीत नव्हतं. गळ्यात स्कार्फ अडकवून ती घसा फोडून ओरडत होती. आपले बाबा आज पहिल्यांदाच प्रत्येक चेंडूला उडी मारतायत, याचं तिला अप्रूप वाटत होतं.

चारांपैकी तिसरा क्वार्टर संपला तेव्हा तळाचा संघ चक्क नऊ गुणांनी पुढे होता. बटणावर आकडा होता तीन हजार सातशे. दत्तप्रसादने घड्याळाकडे पाहिलं. सवयच ती, दुसरं काही नाही. पण शेजारी स्वरदाने ते पाहिलं, आणि स्कार्फ काढला, घडी करून बॅगेत ठेवला, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि उभी राहिली. ना तक्रार, ना हट्ट. तिचा संघ जिंकत होता, आणि ती मैदानाकडे पाठ करून जिन्याकडे तोंड करून उभी होती.

सुचित्राला तेव्हा कुठे उमगलं. आपण चौदा वर्षं ज्यावर विनोद करत आलो, त्याचा मुलीने केव्हाच शिरस्ता करून टाकला होता.

दत्तप्रसाद मुलीकडे बघतच राहिला.

“बस,” तो म्हणाला.

“बाबा, ट्रॅफिक?”

“असू दे ट्रॅफिक. बस खाली. स्कार्फ घाल.”

मग त्याने फोन सुचित्राच्या हातात दिला. “हा तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे राहिला तर मी दाबीन. मला आज थांबायचंय. तू दाबू नकोस, मी मागितला तरी देऊ नकोस. शपथ?”

“शपथ! ये हुई ना बात!” सुचित्रा म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला की तिने भर स्टेडियममध्ये त्याचा गालगुच्चा घेतला. चौदा वर्षांनी मागणं पुरं झालं होतं. नवरा शेजारी बसला होता, लेक मध्ये होती, आणि कुणीही कुठेही निघालं नव्हतं.

शेवटचा क्वार्टर सुरू झाला. सुचित्राने फोन पर्समध्ये ठेवला. पाच मिनिटांनी वेळ बघायला बाहेर काढला. वेळ तर समोरच्या मोठ्या स्क्रीनवरही दिसत होती, पण तिने फोनवर पाहिली. बटणावर चार हजार तीनशे. घरातल्या हीटिंगला दोन हजार लागतील असं दुरुस्तीवाला सांगून गेला होता. आता हीटिंग होऊन वर डिशवॉशरही येत होता. तिने फोन परत पर्समध्ये ठेवला, आणि पर्सची चेन उघडीच ठेवली.

समोरच्यांनी एक गोल मारला, म्हणजे सहा गुण. चार हजार तीनशेचे दोन हजार दोनशे झाले. डिशवॉशर गेला. सुचित्राला खरोखर वाईट वाटलं, जसा काही तो वर्षभर वापरला होता. मग आपल्या संघाने गोल मारला आणि स्वरदा-दत्तप्रसाद एकमेकांच्या गळ्यात पडले. सुचित्रा गळ्यात पडली नाही, कारण ती आकडा बघत होती. साडेचार हजार. चार हजार आठशे.  नवऱ्याला चौदा वर्षं भित्रा म्हणणाऱ्या बाईची पाचावर धारण बसली होती.

दोन-अडीच मिनिटं उरली असतील. संघ चार गुणांनी पुढे होता. सगळं स्टेडियम उभं होतं. बटणावर पाच हजार एकशे चाळीस. डिसेंबरात पुण्याला तिच्या भाचीचं लग्न होतं, आणि तिघांच्या तिकिटांचा आकडा पाहून तिने गेल्याच आठवड्यात बहिणीला “बघू गं” असं सांगितलं होतं. तो आकडा जवळपास हाच होता. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. तो दोन्ही मुठी तोंडाशी धरून उभा होता, जगाचं भान नसलेला.

तिने दाबलं.

गोल चक्र फिरायला लागलं. चाळीस हजार माणसं आणि सगळ्यांचं नेटवर्क एक. चक्र फिरतच राहिलं. सुचित्रा खाली मान घालून त्या चक्राकडे बघत होती. देवाचं नाव घेत होती ते संघासाठी नव्हे, चक्रासाठी. वर काहीतरी चाललं होतं. मोठा आरडाओरडा झाला, मग सायरन वाजला, मग एकाएकी सगळं शांत झालं, आणि त्या शांततेतून समोरच्या स्टँडमध्ये कल्लोळ उठला. फोनवर हिरवी टिक उमटली. दाबलं तेव्हाच्या भावाने पैसे जमा.

तिने मान वर केली तेव्हा सगळं संपलं होतं. संघ दोन गुणांनी हरला होता. स्वरदा दत्तप्रसादच्या पोटात डोकं खुपसून हमसाहमशी रडत होती, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवणाऱ्या दत्तप्रसादचं नाक लाल झालं होतं.

“सॉरी गं,” तो सुचित्राला म्हणाला. “पैसे गेले. पण काय मॅच झाली! स्वरदा, पुढच्या रविवारी कुठे आहेत आपले?”

“जिलॉन्ग,” स्वरदा आतूनच म्हणाली.

“जाऊ. शेवटपर्यंत थांबू.”

आपले, म्हणाला तो. सुचित्राला फोन लपवावासा वाटला. लपवता येणार नव्हता. तिने तो त्याच्यासमोर धरला. त्याने आकडा वाचला, पुन्हा वाचला.

“दाबलंस?”

“दाबलं.”

“शपथ घेतली होतीस.”

“घेतली होती.”

तो चिडेल म्हणून ती थांबली. पण त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरत गेलं, जे तिने चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं. आता जन्मभर पुरेल एवढा दारूगोळा हाती लागलेल्या माणसाचा तो आनंद होता.

“म्हणजे सुचित्रा,” तो सावकाश म्हणाला, “आज तू लवकर निघालीस.”

स्वरदाने ओला चेहरा वर केला. “आई! यू लेफ्ट?”

तिच्याकडे उत्तरं होती. तिकिटं होती, भाचीचं लग्न होतं, हीटिंग होतं. आणि बाजारभावाने पाहिलं तर तीच बरोबर ठरली होती. तरी तिला लाज वाटत होती, आणि लाजेहून जास्त हेवा वाटत होता. त्या दोन मिनिटांत हे दोघं कुठेतरी जाऊन आले होते, डोळे लाल करून आले होते, आणि ती पाच हजार डॉलर मांडीवर घेऊन बाहेर गाडीत बसल्यासारखी राहून गेली होती.

“शेवटी झालं काय नेमकं?” तिने विचारलं. “मी फोनकडे बघत होते.”

बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं.

“बघितलंच नाहीस?” दत्तप्रसादच्या आवाजात आता चिडवणं नव्हतं, निव्वळ दया होती. तो खाली बसला. स्वरदा त्याच्या शेजारी बसली, आणि दोघं एकदमच सांगायला लागले. समोरच्यांचा बावीस नंबरचा तो उंच माणूस, त्याने हवेत पकडलेला चेंडू, सायरन आधी वाजला की नंतर, आणि सायरननंतरही त्याला किक कशी मारू दिली. यावरून दोघांचं भांडण लागलं. दत्तप्रसाद उठून प्रत्यक्ष किक मारून दाखवू लागला आणि पुढच्या सीटवर त्याचा गुडघा आपटला.

स्टेडियम रिकामं झालं. झाडूवाले वरच्या ओळीपासून खाली यायला लागले. घरच्या वाटेवर वेस्ट गेट ब्रिजवर गाड्यांची रांग लागलेली असणार, पण त्याचं नाव कुणी काढलं नाही. सुचित्राने त्यांना ते सगळं तीनदा सांगायला लावलं.